बर्फाखालची सीमारेषा

जी मर्यादा डोळ्यांस दिसत नाही ती ओलांडल्याबद्दल मनुष्यास दोषी धरावे काय? हा प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गात विचारला तर विद्यार्थी बहुधा एकमुखाने 'नाही' म्हणतात, असा आमचा पुष्कळ वर्षांचा अनुभव आहे. अपराधास हेतू लागतो, हेतूस ज्ञान लागते, आणि ज्ञानच नसेल तेथे फार तर चूक संभवते, ही विचारसरणी त्यांस स्वयंसिद्ध वाटते. परंतु अमेरिकेतील एका न्यायालयाने १९९९ साली या प्रश्नास 'होय' असे उत्तर दिले. ते उत्तर प्रथमदर्शनी वाटते तितके निर्दय नाही, असे आमचे मत आहे. ते कसे, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम हकीकत. बॉबी अन्सर हा मोटरशर्यतींतील नामांकित पुरुष. इंडियानापोलिस येथील पाचशे मैलांची शर्यत त्याने तीन वेळा जिंकली होती. १९९६ च्या डिसेंबरात, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, न्यू मेक्सिको व कोलोरॅडो या राज्यांच्या सरहद्दीवरील डोंगरांत तो एका मित्रासह स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावरून धावणारी मोटरगाडी, घेऊन गेला. तेथे हिमवादळाने त्यांस गाठले. दिशा कळेनाशा झाल्या, गाड्या निकामी झाल्या, आणि दोघांना बर्फात आसरा करून जीव जगवावा लागला. दोन रात्री अशा काढून व कित्येक तास पायपीट करून ते एका कोठाराच्या आश्रयास पोहोचले. पुढे आपली गाडी शोधून काढण्यास साहाय्य मागावे म्हणून अन्सर वनखात्याकडे गेला, तेव्हा त्याच्या हाती साहाय्याऐवजी खटल्याचा कागद पडला! गाडी 'साउथ सॅन ह्वान' नामक संरक्षित रानभूमीच्या हद्दीत चालविली, हा त्याच्यावरील आरोप. कायद्याने सहा महिने कैद व ५,००० डॉलर दंड येथवर शिक्षा देता येत होती; प्रत्यक्षात दंड झाला तो ७५ डॉलर. अपिलात वरिष्ठ न्यायालयाने सांगितले की, लोकहितासाठी केलेल्या अशा नियमाचा भंग झाला असता आरोपीचा हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर नाही. प्राणसंकटामुळे आत शिरावे लागले असे ज्याचे म्हणणे असेल, त्याने ते स्वतः सिद्ध केले पाहिजे. आणि तसे सिद्ध झालेले नाही.

आता ही रानभूमी म्हणजे काय ते पाहू. १९६४ च्या सप्टेंबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी 'वाइल्डरनेस' कायद्यावर सही केली. त्याचा मसुदा हॉवर्ड झानायझर या गृहस्थाने आठ वर्षे खपून पुनःपुन्हा लिहिला होता. दुर्दैवाने सही होण्यापूर्वी चार महिने तो वारला. या कायद्याने प्रारंभी ५४ प्रदेश, सुमारे ९१ लक्ष एकर, राखले गेले. आज ते क्षेत्र अकरा कोटी एकरांहून अधिक आहे. तेथे पायी जावे, घोड्यावर जावे, बर्फावर लाकडी पट्ट्या बांधून घसरत जावे. परंतु मोटर, किंबहुना साधी सायकलही, तेथे चालत नाही. मनुष्याने तेथे पाहुणा म्हणून यावे व परत जावे, ही या कायद्यातील कल्पना होय.

कायदा झाला तेव्हा स्नोमोबाईल नुकतीच बाजारात आली होती. तिच्या जन्माची कथा हृदयद्रावक आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात जोझेफ-आर्मां बोंबार्दिए नावाचा एक कल्पक यांत्रिक राहत असे. बर्फावरून चालणारी गाडी करण्याचे वेड त्याला पोरवयापासूनच होते. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने अत्यवस्थ झाला. रस्ते बर्फाने बंद, इस्पितळ दूर, आणि बापाजवळची गाडी अपुरी. मूल दगावले. पुढे त्याने ज्या गाड्या तयार केल्या त्यांनी डॉक्टर, टपाल व शाळकरी मुले यांची वाहतूक केली. आणि १९५९ साली त्याच्याच कारखान्यातून एकट्यादुकट्याने चालवावयाची लहान गाडी निघाली. हे वाहन केवळ उनाडांचे खेळणे आहे असे म्हणणाऱ्याने हा इतिहास विसरू नये. अलास्कासंबंधी १९८० साली झालेल्या कायद्यात तेथील लोकांच्या परंपरागत व्यवसायांसाठी व गावोगावच्या प्रवासासाठी संरक्षित भूमीतही ही गाडी चालविण्यास मुभा ठेवली आहे. अर्थात् वाद यंत्राच्या जातीशी नाही. ते कोणत्या कामी, कोठे व किती चालवावे, याविषयी आहे.

गाडीवाल्यांची बाजू आम्हांस तुच्छ वाटत नाही. ते म्हणतात, ही भूमी सार्वजनिक आहे, ती आमच्याही करांतून राखली जाते. तरुण, धडधाकट आणि रिकामा वेळ असलेल्या माणसालाच जर शिखर पाहता येत असेल, तर ते संरक्षण कोणाचे? साठीच्या माणसाने, अधू माणसाने काय करावे? शिवाय डोंगराच्या पायथ्याच्या कित्येक गावांचा हिवाळ्यातील चरितार्थ या गाड्यांवर चालतो. आणि सर्वांत मार्मिक आक्षेप असा की, नकाशावर आखलेली रेघ बर्फावर उमटत नाही; वाऱ्याने पाट्या पुरल्या जातात, आणि रेघेच्या अलीकडचा उतार व पलीकडचा उतार यांत देवाने काहीच भेद केलेला नाही.

यांपैकी अधू माणसांविषयीच्या आक्षेपास कायद्याने काही उत्तर दिलेले आहे. १९९० च्या कायद्यान्वये चाकाच्या खुर्चीस रानभूमीत मज्जाव नाही. परंतु उरलेल्या आक्षेपांचे काय? ज्याने दुसऱ्याचे नुकसान होत नाही असे कृत्य करण्यास मनुष्य मोकळा असावा, हे मिल्लचे तत्त्व आमच्या पिढीने कॉलेजात घोकले. त्या कसोटीस ही गाडी उतरते काय?

नुकसान दोन प्रकारचे आहे. एक मुक्या जीवांचे. हिवाळा हा डोंगरातील प्राण्यांचा दुष्काळ होय. हरिण, एल्क हे पशू शरदात साठविलेल्या चरबीवर वसंतापर्यंत दिवस काढतात. दचकून धावलेले प्रत्येक पाऊल त्या शिल्लकेतून वजा होते. वुल्व्हरिन नावाचा दुर्मिळ पशू खोल बर्फात बीळ करून फेब्रुवारीच्या सुमारास पिले घालतो. अमेरिकेच्या सरकारने त्याची गणना २०२३ साली संकटग्रस्त प्राण्यांत केली. बर्फाचा थर आणि जमीन यांच्यामधील पोकळीत उंदरांसारखे जीव उबेने राहतात. वरचा बर्फ दडपला गेला की त्यांचे घर मोडते. यांतील कोणतेही नुकसान गाडीवाल्याला दिसत नाही, व म्हणूनच आपण निरुपद्रवी आहो असे तो प्रामाणिकपणे समजतो.

दुसरे नुकसान माणसांचे, आणि त्यात एक चमत्कारिक विषमता आहे. पायी जाणारा गाडीवाल्याच्या वाटेत आला तर त्याच्या सुखात फारसे न्यून येत नाही. परंतु एक गाडी दरीतून गेली की पायी जाणाऱ्याचा सबंध दिवस हरवतो, कारण ज्या शांततेसाठी तो आला तीच नष्ट होते. दोन सुखे शेजारी ठेवली असता एक दुसऱ्याला गिळून टाकते. अशा स्थितीत 'सर्वांस सर्वत्र मोकळीक' हा नियम वरवर समतेचा दिसला, तरी त्याचा परिणाम बलिष्ठ सुखाच्या राज्यात होतो. मिल्लचे नाव घेणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे की, जेथे एकान्त उरलेला नाही असे जग त्यालाही उणे वाटे. आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात त्याने तसे लिहून ठेवले आहे.

आणखी एक गोष्ट. प्रारंभीच्या गाड्या दुबळ्या होत्या. खोल भुसभुशीत बर्फात त्या रुतत, उभ्या चढणीवर थकत. पर्वत स्वतःच आपले रक्षण करीत असे. आजच्या लांब पट्ट्याच्या, बलवान इंजिनाच्या गाड्या पूर्वी केवळ गिर्यारोहकास साध्य असे कडे चढून जातात. यंत्राचे सामर्थ्य वाढले की निसर्गाने घातलेली मर्यादा गळून पडते, आणि तिच्या जागी माणसाला स्वतःची मर्यादा घालावी लागते. ती कृत्रिम दिसते हे खरे. पण कृत्रिम म्हणून ती खोटी ठरत नाही. अठराव्या वर्षाच्या आदल्या दिवशी मुलगा अज्ञान आणि दुसऱ्या दिवशी सज्ञान, हेही कृत्रिमच आहे. तरी कोठेतरी रेघ ओढल्यावाचून व्यवहार चालत नाही.

या रेघेविरुद्ध आमचा स्वतःचा एक आक्षेप आहे, आणि तो गाडीवाल्यांच्या आक्षेपाहून जड आहे. ज्या भूमीस 'निर्मनुष्य' म्हटले गेले तिच्यातील पुष्कळ भागांत पूर्वी मूळचे रहिवासी राहत, शिकार करीत. त्यांस घालवून दिल्यावर ती निर्मनुष्य झाली. रामचंद्र गुहा यांनी १९८९ साली एका इंग्रजी निबंधात दाखवून दिले की, ही अमेरिकन कल्पना हिंदुस्थानासारख्या दाट वस्तीच्या देशात जशीच्या तशी आणली तर तिचा भार गरिबांवर पडतो. हे आम्हांस मान्य आहे. तथापि जंगलात जगणाऱ्याला बाहेर काढणे निराळे आणि जंगलात रमण्यास येणाऱ्याला 'पायी ये' म्हणणे निराळे. पहिल्यात पोट जाते. दुसऱ्यात करमणुकीची एक तऱ्हा तेवढी जाते. आमच्या सह्याद्रीतील देवराया गावकऱ्यांनी स्वतःच राखल्या. कित्येक ठिकाणी पडलेली वाळकी काटकीही घरी न्यावयाची नाही असा दंडक होता. तेथे देवाचे भय होते, अमेरिकेत दंडाचे आहे; आपल्या हाती असलेले सर्वच बळ सर्वत्र वापरावयाचे नाही, ही समजूत मात्र दोन्हीकडे एकच आहे.

आता सीमेच्या अलीकडचा प्रश्न. अमेरिकेतील अनेक रानभूमी-कायद्यांत असे स्पष्ट म्हटले आहे की, आतून बाहेरचे काम दिसते किंवा ऐकू येते एवढ्यावरून ते बंद करता येणार नाही. म्हणजे रेघेपर्यंत गाडी आणा. तिचा आवाज पलीकडे गेला तरी चालेल. हे न्याय्य आहे काय? कायद्याच्या दृष्टीने आहे असे आम्हांस वाटते. कारण सीमेभोवती दुसरी सीमा, तिच्याभोवती तिसरी, असे करीत गेल्यास अंत राहणार नाही, आणि दिलेला शब्द मोडल्याची भावना पायथ्याच्या गावांत बळावेल. यलोस्टोन उद्यानात गाड्या १९६३ पासून जाऊ लागल्या. २००२ च्या सुमारास धुरामुळे तेथील रक्षकांस मुखवटे देण्याची पाळी आली, आणि बंदी व मोकळीक यांमध्ये कोर्टांचे निकाल वर्षानुवर्षे हेलकावत राहिले. शेवटी २०१३ च्या नियमाने मध्यम मार्ग निघाला: रोजच्या गटांची संख्या ठरलेली, यंत्रे कमी धुराची व कमी आवाजाची, आणि बरोबर वाटाड्या किंवा तसे शिक्षण घेतलेला माणूस. पूर्ण समाधान कोणाचेच झाले नाही; परंतु कलह निवळला, आणि हवाही.

तेव्हा अन्सरला दंड झाला तो योग्यच काय? आमचे उत्तर असे. वादळात सापडलेल्या माणसाने जीव वाचविण्यासाठी कोणतीही रेघ ओलांडावी. तेथे दंड मागणारा कायदा कायदाच नव्हे. पण ज्या डोंगरात सीमा जवळ आहे हे ठाऊक असते, तेथे बलवान यंत्र घेऊन जाणाऱ्यावर सीमा कोठे आहे हे जाणून घेण्याची जबाबदारी येते. पायी चालणारा चुकून दहा पावले आत जातो. यंत्रावरचा माणूस तेवढ्याच चुकीने कोसभर आत जातो. हाती जितके बळ अधिक, तितका अज्ञानाचा बचाव तोकडा. पंचाहत्तर डॉलरांचा तो दंड आम्हांस या तत्त्वाची माफक पावती वाटतो. त्याच तत्त्वाने सरकारचेही कर्तव्य ठरते: रेघ आखणाऱ्याने ती नकाशावर तरी स्वच्छ दाखवावी, पाट्या उंच लावाव्यात, आणि संकटात सापडलेल्याकडे प्रथम माणूस म्हणून पाहावे.

आमच्या वाचकांपैकी स्नोमोबाईलवर बसण्याचा योग फार थोड्यांस येईल. परंतु पहाटेच्या गडावर मोठ्याने गाणी वाजविणारी टोळी आपल्यापैकी पुष्कळांस भेटली असेल. क्वचित् आपली मुलेच तीत असतील. तेथे कोणती रेघ आखलेली नाही, दंड करणारा कोणी उभा नाही. अशा वेळी त्यांस काय सांगावे, आणि कोणत्या आधारावर, याचा विचार प्रत्येकाने आपल्या घरी करून पाहावा.