पंधरा तास

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात इंजिनिअरला दरवर्षी लायसन्सचं नूतनीकरण करावं लागतं, आणि त्यासाठी वर्षभरात पंधरा तासांचं शिक्षण घेतल्याचं लिहून द्यावं लागतं. त्यातला एक तास व्यावसायिक नीतीचा. बोर्ड सगळ्यांचे कागद तपासत नाही, काहींचेच काढून बघतं. ह्यूस्टनमध्ये इमारतींची डिझाइनं करणाऱ्या पुतणीला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून डिसेंबरात ती लातूरला काकांकडे आली, तेव्हा तिचे बरेच तास उरले होते आणि तिला त्याची फिकीर नव्हती. रात्री जेवणं आटोपल्यावर तिने लॅपटॉपवर एक व्हिडिओ लावला, त्याचा आवाज बंद केला आणि मोबाइल हातात घेतला.

"हे काय चाललंय गं?" काकांनी विचारलं.

"तास भरतेय, काका. नीतीचा. शेवटी थोडे प्रश्न असतात, ते कुणालाही येतात."

"विषय काय आहे?"

तो तिला पडद्याकडे बघून सांगावा लागला. न्यू लंडन, टेक्सासमधलं एक गाव. काका म्हणाले, "आवाज लाव बघू."

१८ मार्च १९३७. गावच्या शाळेने खर्च वाचवायला तेलविहिरींतून निघणाऱ्या वायूच्या नळीला जोड घेतला होता. त्या वायूला वास नव्हता. गळती होऊन तो इमारतीखाली साठत राहिला आणि कुणाला कळलं नाही. एका ठिणगीने स्फोट झाला, सुमारे ३०० जण गेले, त्यांत बहुतेक शाळकरी मुलं. त्याच वर्षी टेक्सासने इंजिनिअरांसाठी लायसन्सचा कायदा केला. वायूत वास मिसळण्याची सक्तीही त्यानंतरचीच.

"म्हणजे तुझं लायसन्स या पोरांमुळे आलंय," काका म्हणाले. मग थोड्या वेळाने, "उद्या साइटवर येतेस? औसा तालुक्यात एका शाळेच्या खोल्या चालू आहेत."

काकाही इंजिनिअरच, पण त्यांच्याकडे असे तास आजवर कुणी मागितले नव्हते. महाराष्ट्रात डॉक्टरला नोंदणी टिकवायची तर पाच वर्षांत ३० क्रेडिट मिळवावे लागतात. वकिलांसाठी १९६१ चा कायदा आहे, आर्किटेक्टांसाठी १९७२ चा. इंजिनिअरांना असा देशभर लागू होणारा कायदाच नाही, मग शिकत राहण्याची अट कुठून येणार? ज्याच्या सहीवर शेकडो माणसं निर्धास्त झोपतात, त्याचं ज्ञान कोणत्या सालचं आहे हे विचारणारं कुणी नसावं, ही मला फार मोठी उणीव वाटते.

सकाळी गाडीत काकांनी तिच्या हातात एक जाड वही दिली. डाव्या पानावर जुना नियम, उजव्या पानावर नवा, खाली वाचल्याची तारीख. पहिली नोंद १९९३ च्या हिवाळ्यातली होती.

त्या वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरताना, किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली, बहुतेक दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदाखाली. तोवर भूकंपाच्या नकाशात हा भाग पहिल्या झोनमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा होता. काकांनी लातुरात केलेल्या इमारती उभ्या राहिल्या. लोक अभिनंदन करायला आले. काकांना मात्र ते अभिनंदन घेववेना. ज्या नकाशावर भरवसा ठेवून त्यांनी गणितं केली होती, तो नकाशाच पायाखालच्या जमिनीबद्दल चुकला होता. काँक्रीटच्या इमारतींत सळया कशा बांधाव्यात हे सांगणारी आय.एस. १३९२० ही संहिता त्याच वर्षाची. काकांनी ती मागवली आणि पेन्सिल घेऊन रोज रात्री वाचली. पुढे २००२ च्या नकाशातून पहिला झोनच काढून टाकला गेला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला. तीही नोंद वहीत होती.

"मला कुणी पंधरा तास मागायला हवे होते," काका म्हणाले. "मी वाचायला बसलो ते आठ हजार माणसं गेल्यावर."

साइटवर फिटर कॉलमच्या रिंगा बांधत होता. काकांनी दोन-तीन रिंगा हातात घेऊन पाहिल्या आणि एक बाजूला ठेवली. तिचं टोक काटकोनात वळवलेलं होतं. भूकंपात कॉलम पुढेमागे हलतो, बाहेरचं काँक्रीट निखळतं, आणि असा हूक सैल कडीसारखा उघडतो. रिंग सुटली की उभ्या सळया बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. टोक १३५ अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये घुसवलं, तर बाहेरचा थर गेला तरी रिंग धरून राहते. रिंगेमागे काही सेकंदांचं जास्त काम, एवढाच फरक.

"आणि शेपूट किती ठेवायची?" पुतणीने विचारलं.

काकांनी वही उघडून दाखवली. १९९३: व्यासाच्या दहा पट, किमान ७५ मि.मी. २०१६: सहा पट, किमान ६५ मि.मी.

"कमी केली?"

"हो. नियम दर वेळी कडकच होतात असं नाही. सळयांच्या गर्दीत काँक्रीट उतरायला जागाही लागते. न वाचणाऱ्याला नियम कुठे कडक झाला हे कळत नाही, तसं कुठे सैल झाला हेही कळत नाही."

फिटर सगळं ऐकत होता. त्याने रिंग पुन्हा पट्ट्यावर लावली, वळवली, काकांना दाखवली आणि पुतणीकडे वळला. "ताई, तुमच्या तिकडं किती ठिवतेत?"

तिला सांगता येईना. ह्यूस्टनमध्ये तिची सगळी गणितं वादळी वाऱ्यांची, भूकंपाचा हूक तिने कधी काढलाच नव्हता. "बघून सांगते," ती म्हणाली.

त्या रात्री तिने व्हिडिओ लावला नाही. अमेरिकेची ए.सी.आय. ३१८ ही संहिता उघडली आणि भूकंपाचं प्रकरण पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. मध्येच काकांना हाक मारून दोन गोष्टी विचारल्या, त्यातली एक त्यांनाही ठाऊक नव्हती. ती दोघांनी मिळून शोधली. टेक्सासमध्ये स्वतः केलेल्या अभ्यासाचे पाच तासांपर्यंत धरतात, हे तिला ठाऊक होतं. त्या रात्री तिने किती वेळ वाचलं ते मोजायचं मात्र राहून गेलं.

सकाळी तिने फिटरला फोन लावला. "दादा, आमच्याकडेही १३५ अंश आणि सहा पटच. फक्त किमान ७५ मि.मी."

"म्हंजे आमच्यापरीस धा मि.मी. जास्त," तो म्हणाला. "बरं ताई, मंग कॉलमच्या मधल्या आडव्या लिंकला तिकडं दोन्हीकडनं हूक करतेत का एकीकडनंच?"

"थांबा," ती म्हणाली आणि पान उलटलं.