नकाराला जागा असलेला होकार

फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्राँ यांनी १० फेब्रुवारी २०२२ रोजी बेलफोर्ट इथे सहा नव्या अणुभट्ट्या बांधण्याची घोषणा केली आणि आणखी आठ भट्ट्यांचा अभ्यास करायला सांगितले. या भट्ट्या हव्यात का, यावरची राष्ट्रीय सार्वजनिक चर्चा त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झाली. अशी चर्चा घडवून आणण्यासाठी फ्रान्समध्ये १९९५ च्या कायद्याने स्थापन झालेला स्वतंत्र आयोग आहे. त्याच्या सभा चालू होत्या, लोक प्रश्न मांडत होते, आणि तेवढ्यात जानेवारी २०२३ मध्ये सिनेटने भट्ट्यांच्या बांधकामाला गती देणारे विधेयक संमत केले. विजेतला अणुऊर्जेचा वाटा ५० टक्क्यांवर आणायचे जुने उद्दिष्टही त्यातच काढून टाकले. आयोगाने जाहीर नाराजी नोंदवली. त्याने काही बदलले नाही.

मॅक्राँ यांचा निर्णय चुकीचा होता असे मला म्हणायचे नाही. फ्रान्सची सुमारे दोन तृतीयांश वीज अणुभट्ट्यांतून येते, त्या भट्ट्या म्हाताऱ्या होत चालल्या आहेत, आणि कोळसा व वायू यांपासून सुटका हवी असेल तर युरोपला अजून काही दशके अणुवीज लागेल, असेच माझे मत आहे. एप्रिल २०२३ मध्ये जर्मनीने इसार, एम्सलँड आणि नेकारवेस्टहाइम इथल्या शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या तेव्हा तिथे लिग्नाइट जाळणे चालूच होते, आणि हा क्रम मला उलटा वाटतो. पण ज्या चर्चेचा निर्णयावर परिणाम होणारच नाही, तिला बोलावलेल्या माणसाचा अपमान होतो. तो माणूस पुढच्या वेळी सभेला येत नाही, रस्त्यावर येतो. युरोपात अणुऊर्जेच्या भवितव्यावर जे काही चालले आहे ते ‘बाजूचे’ आणि ‘विरोधातले’ अशा दोन रांगांत मांडण्याची सवय आपल्याला लागली आहे. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न असा: नाही म्हणणाऱ्याच्या हाती काय दिले आहे?

या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर मला स्वीडनमध्ये दिसते, आणि तेही अणुवीज बनवण्याच्या नव्हे, तर वापरलेले इंधन पुरण्याच्या बाबतीत. १९८० च्या सुमारास तिथल्या अणुकचरा कंपनीने खडक तपासण्यासाठी ठिकठिकाणी वेधन सुरू केले. शिनेफ्येल या डोंगराळ भागातल्या गावकऱ्यांनी त्याविरुद्ध पहारा बसवला आणि तो वीस वर्षे, अहोरात्र, आळीपाळीने दिला. सक्तीने हे होणार नाही हे कंपनीला कळले. १९९२ मध्ये तिने देशातल्या सगळ्या नगरपालिकांना पत्र पाठवून विचारले, की प्राथमिक पाहणीला कोण तयार आहे? उत्तरेकडच्या स्टोरुमान आणि मालो या दोन गावांनी पाहणी होऊ दिली, मग सार्वमत घेतले. १९९५ मध्ये स्टोरुमानने आणि १९९७ मध्ये मालोने नकार दिला. कंपनी सामान उचलून निघून गेली. पुढचा प्रत्येक होकार खरा मानावासा वाटतो तो या दोन नकारांमुळे.

त्यानंतर शोध अणुप्रकल्पाच्या शेजारच्या गावांकडे वळला आणि २००९ मध्ये फोर्समार्कची निवड झाली. ज्या ओस्टहामर नगरपालिकेत हे ठिकाण येते तिला नकाराधिकार होताच, शिवाय स्वतःचे तज्ज्ञ नेमण्यासाठी अणुकचरा निधीतून पैसाही मिळत होता. हा निधी अणुवीज कंपन्यांकडून गोळा होतो. त्यातूनच पर्यावरण संघटनांनाही, म्हणजे प्रकल्पावर शंका घेणाऱ्यांनाच, अभ्यासासाठी मदत दिली गेली. ज्याच्यावर टीका करायची त्याच्याच पैशातून, पण त्याच्या मर्जीवर न राहता, टीका करायची सोय कायद्याने केली.

तिचे फळ काय मिळाले, हे सविस्तर सांगण्यासारखे आहे. इंधनाचे गठ्ठे पाच सेंटिमीटर जाडीच्या तांब्याच्या डब्यांत बंद करायचे, भोवती बेंटोनाइट चिकणमाती भरायची आणि सुमारे ५०० मीटर खोल, १९० कोटी वर्षे जुन्या खडकात ठेवून द्यायचे, अशी ही पद्धत. सुरक्षिततेचा हिशेब एक लाख वर्षांचा. त्याचा पाया असा, की प्राणवायू नसलेल्या पाण्यात तांबे गंजत नाही. स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातल्या काही संशोधकांनी नेमक्या याच गृहीतकावर बोट ठेवले. पर्यावरण संघटनांनी तो मुद्दा न्यायालयापर्यंत नेला. अणुसुरक्षा नियामकाने प्रकल्पाच्या बाजूने मत दिले असतानाही जानेवारी २०१८ मध्ये पर्यावरण न्यायालयाने सरकारला सांगितले, की डब्यांबद्दलची शंका फिटल्याशिवाय परवानगी देऊ नका. कंपनीने नवे पुरावे सादर केले. ऑक्टोबर २०२० मध्ये ओस्टहामरच्या सभागृहाने होकार दिला, जानेवारी २०२२ मध्ये सरकारने परवानगी दिली आणि जानेवारी २०२५ मध्ये खोदकाम सुरू झाले. सगळ्या शंका संपल्या असे नाही, काही संशोधक आजही समाधानी नाहीत. पण शंका उघड झाली, तपासली गेली, नोंदली गेली. विरोधक इथे सुरक्षा यंत्रणेचाच एक भाग झाले.

फिनलंडनेही असेच केले, थोडे लवकर. १९८७ च्या कायद्याने स्थानिक नगरपालिकेला नकाराधिकार दिला. काही हजार वस्तीच्या युराजोकीने जानेवारी २००० मध्ये होकार दिला, २००१ मध्ये संसदेने १५९ विरुद्ध ३ मतांनी त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि इंधन पुरण्यासाठीचे ओंकालोचे बोगदे चारशे मीटरहून खोल गेले. याला आक्षेप आहे आणि तो रास्त आहे: युराजोकीत आधीच अणुप्रकल्प होता, त्याच्या करावर गाव चालत होते, मग तो होकार मोकळा कसा? मला वाटते, पूर्ण मोकळा नव्हताच. तरीही जर्मनीच्या गोर्लेबेनशी ताडून पाहिले की फरक कळतो. १९७७ मध्ये लोअर सॅक्सनी राज्याच्या सरकारने अणुकचऱ्यासाठी ती मिठाच्या खडकातली जागा वरून ठरवली. चार दशके आंदोलने झाली, कचऱ्याच्या गाड्यांना पोलीस बंदोबस्त लागला, आणि २०२० मध्ये भूगर्भीय कारणांवरून ती जागाच यादीतून वगळली गेली. शोध पुन्हा पहिल्यापासून.

सार्वमत हा उपाय मात्र मला अपुरा वाटतो. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी ऑस्ट्रियाने डॅन्यूबकाठचे त्स्वेंटेनडोर्फ इथले अणुवीज केंद्र सुरू करायचे की नाही यावर मतदान घेतले. केंद्र बांधून तयार होते. ५०.४७ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले, दोन बाजूंतला फरक तीस हजार मतांहूनही कमी. इटलीने चेर्नोबिलनंतर १९८७ मध्ये आणि फुकुशिमानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, जून २०११ मध्ये, पुन्हा सार्वमत घेऊन अणुऊर्जा नाकारली. रशियाचा वायू बंद झाल्यावर २०२२ मध्ये भीतीची दिशा उलटली आणि तिच्याबरोबर अनेक देशांची मतेही. बेल्जियमने २००३ मध्ये केलेला अणुवीज-निवृत्तीचा कायदा २०२५ मध्ये रद्द केला. भट्टी साठ वर्षे चालते, भीती वर्षभरही टिकत नाही. एका रविवारच्या मतदानात लोकांना एकच शब्द बोलता येतो. ‘हो, पण तांब्याचे आधी बघा’ असे तिथे म्हणता येत नाही.

शेजाऱ्यांचा प्रश्न याहून अवघड. ऑस्ट्रियाने स्वतःपुरता नकार दिला, पण सीमेपासून थोड्याच अंतरावर चेक प्रजासत्ताकाचे टेमेलिन केंद्र २००० मध्ये सुरू झाले. ऑस्ट्रियन आंदोलकांनी रस्ते अडवले. चेक लोकांच्या युरोपीय संघातल्या प्रवेशावरच सावट आले. शेवटी डिसेंबर २००० मध्ये मेल्क इथे दोन्ही सरकारांनी करार केला: माहितीची देवाणघेवाण, थेट दूरध्वनी मार्ग, सुरक्षेच्या मुद्द्यांची एकत्र छाननी. नकाराधिकार नाही, पण विचारण्याचा हक्क. पुढे ब्रिटनच्या हिंकले पॉइंट प्रकल्पाला मिळालेल्या सरकारी मदतीविरुद्ध ऑस्ट्रिया युरोपीय न्यायालयात गेला आणि २०२० मध्ये हरला. संघातला प्रत्येक देश आपली ऊर्जा स्वतः निवडतो हे तत्त्व पक्के राहिले. मला ते मान्य आहे. पण किरणोत्साराला सीमा कळत नाही, म्हणून निवड राष्ट्रीय असली तरी तपासणी सामायिकच असायला हवी. १९५७ च्या युराटॉम करारात अणुउद्योग वाढवण्याची भाषा भरपूर आहे, शेजारच्या देशातल्या नागरिकाचा आवाज त्यात जवळपास नाही. तो पुढे एस्पो आणि आरहूस या पर्यावरणविषयक करारांतून, बाहेरून, आला. युराटॉममध्येच तो यावा, ही मागणी अणुऊर्जेच्या समर्थकांनी करायला हवी, कारण विश्वासाची गरज त्यांना जास्त आहे.

हे सारे महाराष्ट्राला दूरचे नाही. जैतापूरला ज्या भट्ट्या येणार आहेत त्या याच फ्रेंच घराण्यातल्या: एकूण सहा. त्याच जातीची फिनलंडमधली ओल्किलुओतो ३ ही भट्टी २००९ मध्ये सुरू व्हायची होती, तिची नियमित वीज २०२३ मध्ये मिळू लागली. २००७ मध्ये बांधायला घेतलेली फ्रान्समधली फ्लामानव्हिल ३ वीजजाळ्याला जोडली गेली ती डिसेंबर २०२४ मध्ये, आणि मधल्या काळात भट्टीच्या पात्राच्या पोलादात कार्बन जास्त असल्याचे व वाफेच्या नळांचे जोड सदोष असल्याचे उघड झाले. फ्रान्समध्ये हे नियामकाने जाहीर केले. जैतापूर प्रकल्पाच्या जागेवरच्या माडबन गावातल्या माणसाला ते वर्तमानपत्रातून कळले.

जैतापूरच्या पर्यावरण मंजुरीचा क्रमही आठवावा. नोव्हेंबर २०१० च्या अखेरीस ३५ अटींसह मंजुरी मिळाली, आणि त्यानंतर काही दिवसांतच फ्रान्सचे तत्कालीन अध्यक्ष निकोलस सार्कोझी भारतात असताना प्राथमिक करारावर सह्या झाल्या. पाहुण्यांच्या तारखेला परवानगी जुळवून घेतली, ही शंका कोकणात तेव्हापासून आहे. पुढच्या एप्रिलमध्ये साखरी नाटे या शेजारच्या मच्छीमार गावातल्या आंदोलनात गोळीबारात एक तरुण गेला. २०२१ मध्ये फ्रेंच कंपनीने तांत्रिक व व्यापारी प्रस्ताव दिला. त्यातल्या विजेच्या दराबद्दल, अपघाताच्या दायित्वाबद्दल आणि समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याचा मासळीवर काय परिणाम होईल याबद्दल साखरी नाट्याच्या मच्छीमारांनी स्वतः निवडलेल्या तज्ज्ञांकडून अभ्यास करून घ्यावा, त्याचा खर्च प्रकल्पाने उचलावा, अहवाल मराठीत छापला जावा आणि तो वाचून झाल्यावर राजापूर तालुक्यातल्या ग्रामसभांचे मत घेतले जावे. ओस्टहामरला हे मिळाले. अंतिम करारावर सही होण्याआधी ते माडबनला मिळायला हवे.