पावणेचार तारे कशाचे?

अनटॅप्डसारख्या ॲपवर बिअरला पाचपैकी तारे देता येतात, तेही पाव-पाव ताऱ्याच्या टप्प्यानं. म्हणजे पावणेचार देता येतात. पण हा आकडा नक्की काय सांगतो? बिअर चांगली आहे, की मला आवडली?

उदाहरणच घेऊ. ‘ओल्ड स्टॉक एल’ बनते कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ब्रॅग गावी, नॉर्थ कोस्ट या क्राफ्ट ब्रुअरीत. वळण मात्र पक्कं इंग्लिश: मॅरिस ऑटर जातीच्या बार्लीचं माल्ट, फगल्स आणि ईस्ट केंट गोल्डिंग्ज हे हॉप्स, अल्कोहोल बारा टक्क्यांच्या आसपास. रंग गडद तांबूस. वास मनुकांचा, खारकेचा. जिभेवर आधी काकवी, मग किंचित करपलेली साखर, आणि घशात ऊब. इंग्रज माणूस इथे ‘ट्रीकल’ म्हणेल. काकवी जास्त अचूक आहे, असं माझं ठाम मत.

बाटली काही वर्षं ठेवली की तिच्यात शेरीसारखी झाक येते. ती येते ऑक्सिडेशनमुळे. हीच खूण ताज्या पिल्सनरमध्ये दिसली तर परीक्षक नाक मुरडतील. इथे, बेतानं असेल तर, तो गुण. म्हणजे नुसतं ‘चांगलं’ हा अर्धाच शब्द झाला. कशाच्या जातीत चांगलं, हे सांगावंच लागतं. म्हणून बीजेसीपीच्या परीक्षकांच्या कागदावर ५० गुणांची वाटणी असते: वास १२, दिसणं ३, चव २०, तोंडात जाणवणारा पोत ५, एकूण परिणाम १०. तुम्हाला गोड बिअर आवडते का, हे तिथे कुणी विचारत नाही. ॲपवर मात्र ज्याला गोड सोसत नाही तोही दोन तारे देतो, आणि सरासरीत त्याचं नि माझं मत एकाच पातेल्यात ढवळलं जातं. (शिवाय बारा टक्क्यांची बिअर ही तिसऱ्या ग्लासापर्यंत परीक्षकालाच बदलून टाकते, ते वेगळंच.)

डेव्हिड ह्यूमनं १७५७ मध्ये रुचीवर निबंध लिहिला. त्यात त्यानं ‘डॉन किहोते’मधली सांचो पांझाच्या दोन नातलगांची गोष्ट घेतली आहे. दोघांनी एकाच पिंपातली वाइन चाखली. एक म्हणाला, छान आहे, पण जरा चामड्याची चव येते. दुसरा म्हणाला, छान आहे, पण लोखंडाची येते. लोक हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली निघाली.

ह्यूमला यातून सूक्ष्म जीभ असते हे दाखवायचं होतं. मला त्यात दुसरंच दिसतं. किल्ली निघाली नसती, तर ते दोघे उघडे पडले असते. ती जोखीम पत्करून ते बोलले. पावणेचार म्हणणाऱ्याला मात्र कोणतंही पिंप खोटं पाडू शकत नाही. त्या आकड्यात त्याचं काहीच पणाला नसतं. फटका बसला तर ब्रुअरीला.

आवडीनिवडीच्या तळाशी किल्ली नसते, हे मान्य. पण ‘शेवटचा घोट गरजेपेक्षा गोड आहे’ असं मी लिहिलं, तर त्याच वर्षाची बाटली उघडून कुणीही मला विचारू शकतो, गोड कुठंय? तो तर कडवट आहे. मग आम्ही पुन्हा एकेक घोट घेऊ, या वेळी फ्रिजबाहेर थोडा वेळ ठेवून; थंडगार असताना अर्धा वास दबूनच राहतो.