गोसेवेस ज्ञान लागते काय?

धर्मकृत्यात भाव मुख्य की विधी मुख्य, हा वाद जुना आहे. भाव शुद्ध असला म्हणजे मंत्रोच्चारातील चूक देव पोटात घालतो, असे आपण मानतो आणि ते योग्यच आहे. परंतु हा न्याय गोठ्यातील मुक्या जनावरास लावता येईल काय, हा आमच्यापुढील प्रश्न होय.

सणाचेच उदाहरण घेऊ. बलिप्रतिपदेस किंवा कारहुणवीस आपण गोग्रास देतो. एका घरचा भात, दुसऱ्या घरच्या पुरणपोळ्या, तिसऱ्या घरची भिजवलेली डाळ. प्रत्येकाचा घास लहान, पण गाय एकच असते. गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव वैरण पचविण्याचे काम करतात. गवत-कडब्याची सवय असलेल्या त्या कप्प्यात एकाएकी शिजलेले अन्न व गोड पदार्थ पुष्कळ गेले की तेथे आम्ल माजते. जनावर रवंथ सोडते, बसून राहते, आणि वेळीच उपचार न झाल्यास एकदोन दिवसांत दगावतेही. येथे कोणाचाही हेतू वाईट नव्हता. तरी अजाणता घडलेल्या पापासही आपल्या स्मृतिकारांनी प्रायश्चित्त सांगितलेच आहे.

खरवसाची गोष्ट तर याहून नाजूक. वासरास आईच्या पोटात असताना रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती सर्व चिकातून मिळावयाची, आणि तीही पहिल्या काही तासांतच. एक दिवस उलटला की वासराचे आतडे ती शोषून घेऊ शकत नाही. म्हणून जन्मल्यावर तासा-दोन तासांत त्याच्या वजनाच्या सुमारे दशांश चीक त्याच्या पोटात जावयास हवा. खरवस खाऊ नये असे आम्ही म्हणत नाही (आम्हांसही तो प्रिय आहे!), पण वासराची पाळी आधी, हे चीक मागावयास जाणाऱ्याने जाणावे.

आता गाईच्या कासेस हात कोणाचा लागतो? बहुधा मालकाचा नव्हे, आपला तर नव्हेच; तो रोजावर राबणाऱ्या गड्याचा. सड धुऊन कोरडे करावेत, अंगठा मुडपून सड ओढू नये, पूर्ण मुठीने धार काढावी. धार काढल्यावर सडाची छिद्रे काही वेळ उघडी राहतात, म्हणून जनावर लगेच खाली बसू नये यासाठी पुढ्यात वैरण टाकावी. एवढ्याशा गोष्टींवर कासदाह, ज्यास गोठ्यात दगडी म्हणतात, होतो की टळतो हे पुष्कळसे अवलंबून असते. हे त्यास कोणी समजावून सांगितले नाही, तर दोष त्याचा कसा?

पांडव अज्ञातवासात असता सहदेव तंतिपाल नावाने विराटाच्या गाई राखीत होता. आपल्या शेजारचे हानगल तेच विराटनगर, असे इकडील लोक मानतात. ते असो. विराटापुढे उभा राहताना सहदेवाने भक्तीचा दाखला दिला नाही. गाई निरोगी कशा राहतात व कशा वाढतात, हे आपणांस ठाऊक आहे, असे त्याने सांगितले. अलीकडचे उदाहरण महात्मा गांधींचे. सन १९२४ च्या डिसेंबरात बेळगावी भरलेल्या गोरक्षण परिषदेचे ते अध्यक्ष होते. पुढे १९२७ साली प्रकृती बिघडल्याने बंगलोरास राहिले असता, तेथील सरकारी दुग्धसंस्थेत जाऊन त्यांनी गोपालनाचे धडे घेतले. वय सत्तावन्न! परिषदेचे अध्यक्षपद भूषविलेल्या पुरुषास पुन्हा विद्यार्थी होण्यात कमीपणा वाटला नाही.

कोणी म्हणेल, पिढीजात गवळ्यास काय शिकवावयाचे? त्याच्या विद्येविषयी आम्हांस आदरच आहे. आपली धारवाडी म्हैस २०२१ साली स्वतंत्र जात म्हणून कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत नोंदली गेली. तो वाण टिकविला तो येथल्या गवळ्यांनी व शेतकऱ्यांनीच. परंतु रोग पिढीची वाट पाहत नाहीत. सन २०२२ मध्ये लंपी चर्मरोगाने आपल्या भागातील गोठे हादरले. अंगावरच्या त्या गाठी वडीलधाऱ्यांनीही पूर्वी पाहिल्या नव्हत्या. माश्या, डास व गोचिडांवाटे तो पसरतो, त्यावर शेळ्यांच्या देवीची लस चालते, हे नव्यानेच शिकावे लागले. सांसर्गिक गर्भपाताचा रोग तर माणसासही जडतो. गाभडलेल्या गाईची वार उघड्या हातांनी काढणारा गडी महिनोन् महिने उलटून येणाऱ्या तापाने व सांधेदुखीने खंगतो. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीस व रेडीस एकदाच लस टोचल्याने त्या रोगास बराच आळा बसतो. एकदा शिकलो, आता झाले, असे ह्या कामात म्हणता येत नाही.

शिकविणारे नाहीत असेही नाही. धर्मस्थळाच्या संस्थेने दोन बँकांच्या साहाय्याने १९८२ साली उजिरे येथे ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगाराचे शिक्षण देणारे केंद्र काढले, आणि पुढे त्याच धर्तीवर देशभर केंद्रे निघाली. देवस्थानाने अन्नछत्राबरोबर विद्येचेही छत्र घालावे, हे आम्हांस फार उचित वाटते. परंतु असे शिक्षण मुख्यतः ज्याच्या दावणीस स्वतःचे जनावर आहे किंवा येणार आहे, त्याच्यासाठी असते. दुसऱ्याची जनावरे सांभाळणारा गडी तेथे गेला तर त्याचा रोज बुडतो. तो कोणी भरावा?

मालकाने, हे उत्तर सोपे आहे व अर्धे खरेही आहे. पण मळमड्डीतील कित्येक घरी अजून गोठ्याचे दूध येते, आणि मंदिरातील अभिषेकासही तेच श्रेष्ठ मानले जाते. जे दूध आपण देवास वाहतो ते काढणाऱ्या हाताच्या शिक्षणाचा भार आपल्यावर मुळीच नाही, असे म्हणावयास आमचे मन धजत नाही. गोग्रासाकरिता जमणाऱ्या रकमेतील काही भाग ह्या कामी वळविण्याचा विचार सभासदांनी करावा. त्यातून गड्याचा त्या दिवसाचा रोज तर द्यावाच. शिवाय म्हशीची धार सकाळ-संध्याकाळ चुकविता येत नाही, तेव्हा तो परत येईपर्यंत त्याच्या जागी बसणाऱ्या बदली माणसाची मजुरीही त्यात धरावी.