राखीव गडी

आपले कितीतरी सण चंद्राकडे पाहून साजरे होतात. कोजागरीला तो दुधात पाहायचा, संकष्टीला त्याची वाट पाहत ताटावर बसायचे, भाऊबीजेला आधी त्याची कोर ओवाळायची आणि मग भावाला. मधली लक्ष्मीपूजनाची रात्र तेवढी त्याच्यावाचूनची. त्या रात्री आपण इतके दिवे लावतो की तो नाही हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. वास्तविक तो कोठे गेलेला नसतो. त्याचे फिरणे नेहमीप्रमाणे चालूच असते. आपल्याला दिसत नाही, इतकेच.

अशा रात्रीच्या अंकात मला एका मनुष्याविषयी लिहायचे आहे. चंद्रावर जाण्याची सारी तयारी करून तो ऐन वेळी मागे राहिला. त्याच्या निमित्ताने एका जुन्या प्रश्नाचाही विचार करावा असे मनात आहे. ज्या कामासाठी माणसाने वर्षानुवर्षे स्वतःला घडवले, ते काम त्याच्या वाट्याला आलेच नाही, तर त्या तयारीचे काय होते? ती वाया जाते काय?

मास्तरकी करणाऱ्याला हा प्रश्न वरचेवर भेटतो. खो-खोच्या संघात बारा गडी असतात. नऊ मैदानात उतरतात, तिघे कडेला बसतात. घामाने तिघांचेही सदरे नऊजणांइतकेच महिनाभर भिजलेले असतात. पुढे हीच मुले मोठी होऊन स्पर्धा परीक्षांना बसतात. जागा थोड्या, उमेदवार उदंड. चार-पाच वर्षांनी एखादा घरी परत येतो, आणि त्याची आई विचारते, "सर, एवढे रात्ररात्र वाचले, त्याचे काय झाले?" अशा वेळी 'कष्ट कधी वाया जात नाहीत' असे आपण चटकन म्हणतो. हे वाक्य फळ्यावर सुविचार म्हणून शोभते. पण त्या आईच्या तोंडाकडे पाहून ते उच्चारणे सोपे नाही. ते खरे की खोटे, हे एकदा नीट पारखून पाहिले पाहिजे.

पारखण्यासाठी मी जो मनुष्य निवडला आहे त्याचे नाव केन मॅटिंग्ली. तो अमेरिकेच्या आरमारातील वैमानिक. १९६६ साली अंतराळवीरांच्या तुकडीत त्याची निवड झाली आणि पुढे अपोलो १३ या चांद्रमोहिमेत त्याला जागा मिळाली. जिम लोव्हेल हा मोहिमेचा प्रमुख. लोव्हेल आणि फ्रेड हेज यांनी चंद्रावर उतरायचे आणि मॅटिंग्लीने मुख्य यान सांभाळीत चंद्राभोवती घिरट्या घालायच्या, अशी वाटणी होती. म्हणजे सारे सुरळीत झाले असते तरी चंद्राची माती त्याच्या पायाला लागणार नव्हतीच.

तरी तयारी पाहावी तर अशी. वजनरहित अवस्थेची सवय व्हावी म्हणून या मंडळींना विमानात बसवून उंच चढवीत आणि एकदम खाली सोडीत. त्यात पंचवीसएक सेकंद अंग तरंगे, आणि पुष्कळांच्या पोटातले अन्न वर येई. यान भलत्या ठिकाणी उतरले तर जीव कसा जगवावा, हे शिकण्यासाठी पनामाच्या जंगलात आणि वाळवंटात राहायचे. समुद्रात पडलेल्या यानातून बाहेर पडण्याचा सराव करायचा. दगड ओळखता यावेत म्हणून भूशास्त्रज्ञांच्या मागून डोंगर तुडवायचे. जे वरूनच चंद्र पाहणार होते त्यांनाही सुटका नव्हती. वरून जमिनीचे वाचन कसे करावे, हे मॅटिंग्लीला फारूक अल-बाझ या इजिप्तमध्ये जन्मलेल्या भूशास्त्रज्ञाने शिकविले.

पण सगळ्यांत कठीण शाळा होती ती नकली यानाची. खऱ्या यानासारखेच आसन, तीच बटणे, तेच काटे. फक्त जमिनीवर बसविलेले. बाहेर परीक्षक बसत, आणि त्यांचे कामच मुळी विघ्ने आणण्याचे. कधी वीज गेल्याचे दाखवायचे, कधी इंजिन बंद पाडायचे, कधी दोन बिघाड एकदम. आत बसलेल्याने घड्याळाच्या काट्यावर उपाय शोधायचा. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मॅटिंग्ली या शाळेत तासन्‌तास रमे. यानातील प्रत्येक तार कोठून निघते आणि कोठे जाते हे ठाऊक असल्याखेरीज त्याला चैन पडत नसे, अशी त्याची ख्याती होती.

अपोलो १३ चे उड्डाण ११ एप्रिल १९७० रोजी ठरले होते. ते अगदी तोंडावर आले असताना एक क्षुल्लक गोष्ट घडली. राखीव चमूतील चार्ली ड्यूक याला एका ओळखीच्या घरातल्या लहान मुलाकडून जर्मन गोवर झाला. तिघा प्रवाशांचे रक्त तपासले. लोव्हेल आणि हेज यांच्या अंगी त्या गोवराला तोंड देण्याची शक्ती होती, मॅटिंग्लीच्या नव्हती. चंद्राभोवती एकटा असताना त्याला ताप भरला तर? वरिष्ठांनी त्याला उतरवले आणि त्याच्या जागी राखीव चमूतील जॅक स्वायगर्टला घातले. गंमत म्हणजे मॅटिंग्लीला तो गोवर कधी झालाच नाही.

इकडे स्वायगर्टची काय स्थिती? राखीव मनुष्याने सगळे शिकायचे, पण जाण्याची आशा धरायची नाही, असा रिवाज. त्याला घाईघाईने नकली यानात बसवून बाकीच्या दोघांशी त्याचा मेळ बसतो की नाही हे पाहिले, आणि पाठविले. गडबड इतकी की तो प्राप्तिकराचे विवरणपत्र भरायचेच विसरला. चंद्राच्या वाटेवर असताना त्याने मुदत मागितली, तेव्हा खाली ह्यूस्टनमध्ये हशा पिकला. देशाबाहेर असलेल्यांना मुदत वाढवून मिळते, असे त्याला कळविण्यात आले. तसा तो देशाबाहेर होता खरा!

हशा फार टिकला नाही. १३ एप्रिलच्या रात्री, पृथ्वीपासून सुमारे तीन लाख वीस हजार किलोमीटरवर, यानातील प्राणवायूची एक टाकी फुटली. वीज आणि प्राणवायू दोन्ही झपाट्याने संपू लागले. चंद्रावर उतरणे संपलेच. परत येणेच कठीण झाले. तिघे चांद्रयानात शिरले. दोन माणसांना दोनएक दिवस पुरावे असे ते यान. त्यात तिघांनी जवळजवळ चार दिवस काढायचे होते. परतीच्या शेवटच्या टप्प्यासाठी लागणारी वीज वाचावी म्हणून मुख्य यान पार बंद केले. आत गारठा इतका पडला की भिंतींवर दव साचले.

बंद करून गार पडलेले मुख्य यान वाटेतच पुन्हा सुरू करायचे, तेही मोजक्या विजेत, असे आजवर कोणी केले नव्हते. कोणते बटण आधी, कोणते नंतर, याची यादी एरवी तयार करायला महिने लागत. येथे तीन दिवस होते. मॅटिंग्ली ह्यूस्टनमध्येच होता. ज्या नकली यानात त्याने इतका काळ घालविला होता, तेथेच आता ही यादी पडताळून पाहण्याचे काम सुरू झाले आणि त्यात तो शिरला. पुढे निघालेल्या चित्रपटाने त्याला जवळजवळ एकटाच तारणहार केला आहे. ते खरे नव्हे. अनेक इंजिनियर त्या कामाला भिडले होते. पण यादी पुरी झाल्यावर ती यानाला वाचून दाखविताना मॅटिंग्लीचाच आवाज होता. तो एकेक ओळ सांगे आणि गारठलेल्या बोटांनी स्वायगर्ट सापडेल त्या कागदावर उतरवून घेई. खुर्ची गमावलेला सांगत होता आणि खुर्चीत बसलेला लिहीत होता. १७ एप्रिलला तिघेही पॅसिफिक महासागरात सुखरूप उतरले.

ही गोष्ट ऐकल्यावर आपण एक निःश्वास टाकतो आणि म्हणतो, "पाहा, देव करतो ते बऱ्यासाठी! तो गेला नाही म्हणूनच ते वाचले." मला हे समाधान पटत नाही. समजा, टाकी फुटलीच नसती. लोव्हेल आणि हेज चंद्रावर हिंडून आले असते, मॅटिंग्ली रेडिओपाशी बसून ते ऐकत राहिला असता. मग त्याची तयारी वाया गेली असे म्हणायचे काय? तयारीची किंमत ठरायला आधी कोणावर तरी संकट यावे लागते, हा हिशेब मला माणुसकीचा वाटत नाही.

मला वाटते, तयारी दोन प्रकारची असते. एक जागेची आणि एक कामाची. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. तेच जागरण, तोच घाम. पण जागेची तयारी करणाऱ्याचे लक्ष दारावर असते: आत कसे शिरता येईल? कामाची तयारी करणाऱ्याचे लक्ष वस्तूवर असते: हे यंत्र चालते कसे? जागा गेली की पहिल्याजवळ काही उरत नाही, कारण त्याने जे मिळविले ते फक्त दार उघडण्यापुरते होते. दुसऱ्याची खुर्ची काढून घेता येते. यान त्याच्या डोक्यातून काढून घेता येत नाही.

मॅटिंग्ली कोणत्या प्रकारचा, हे दोन वर्षांनी दिसले. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ मधून तो अखेर चंद्रापाशी पोहोचला. बरोबर होते जॉन यंग आणि चार्ली ड्यूक. होय, तोच गोवरवाला ड्यूक! ते दोघे चांद्रयानात बसून वेगळे झाले, उतरण्याची वेळ आली, आणि मॅटिंग्लीला आपल्या यानाच्या मोठ्या इंजिनाच्या नियंत्रणात दोष आढळला. दोष दुय्यम यंत्रणेत होता. मुख्य यंत्रणा ठाकठीक होती. पण दुय्यम यंत्रणा धड नसेल तर उतरायचे नाही, असा नियम. आता सांगावे तर कदाचित मोहीम येथेच संपणार. एकदा गोवराने परत फिरविले, आता हे. आणि या वेळी त्याच्याबरोबर आणखी दोघांचे स्वप्न मोडणार.

त्याने सांगितले. चंद्राला प्रदक्षिणा घालीत सुमारे सहा तास तिघे वाट पाहत राहिले. खाली इंजिनियरांनी परीक्षा घेतल्या आणि अखेर उतरायला परवानगी मिळाली. यंग आणि ड्यूक तीन दिवस चंद्रावर राहिले. मॅटिंग्ली वरून एकटा फिरत राहिला. ज्याने केवळ जागेसाठी तयारी केली असेल त्याला त्या क्षणी गप्प बसण्याचा मोह अनावर झाला असता. ज्याला काम येते त्याला बिघाड दिसल्यावर न दिसल्यासारखे करता येत नाही. त्याचा प्रामाणिकपणा वेगळा शिकवावा लागत नाही. तो कामाबरोबरच अंगात भिनलेला असतो.

पण वाचकहो, येथेच थांबलो तर मी चांगल्या शेवटाचीच गोष्ट निवडली असे होईल. म्हणून दुसरे नाव घेतो. जो एंगल हाही तसाच कसलेला वैमानिक. अपोलो १४ च्या राखीव चमूत तो शिकला, आणि त्या क्रमाने अपोलो १७ मधून त्याने चंद्रावर उतरायचे होते. पण अपोलो १८, १९, २० या मोहिमा रद्द झाल्या. चंद्रावर निदान एक शास्त्रज्ञ तरी जावा अशी मागणी होती आणि ती रास्तच होती. १९७१ साली एंगलची जागा हॅरिसन श्मिट या भूशास्त्रज्ञाला दिली गेली. डिसेंबर १९७२ मध्ये श्मिट चंद्रावर दगड वेचीत असताना एंगल पृथ्वीवर होता. तो चंद्रावर कधीच गेला नाही. १९८१ मध्ये त्याने कोलंबिया या अंतराळयानाचे नेतृत्व केले, तेही पृथ्वीभोवतीच.

आपल्याकडेही अशी माणसे आहेत. १९८४ साली राकेश शर्मा अंतराळात गेले हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्याबरोबर रशियात तीच तालीम रवीश मल्होत्रा यांनी केली होती. ते जमिनीवर राहिले. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला गेले तेव्हा प्रशांत नायर हे असेच राखीव होते.

एंगलचे नुकसान झाले नाही असे मी म्हणणार नाही. नुकसान हे नुकसानच. त्याला गोड नाव दिल्याने ते कमी होत नाही, उलट ज्याचे झाले त्याला एकटे पाडते. म्हणून त्या आईलाही मी 'काही वाया गेले नाही' असे सांगणार नाही. जागा गेली, वर्षे गेली; त्याचे दुःख खरे आहे. तिच्या मुलाला मात्र मी एक प्रश्न विचारीन: तू इतिहास वाचलास, कायदा वाचलास, हिशेब शिकलास, त्यातले परीक्षेच्या दाराबाहेर तुझ्याबरोबर काय आले? जे आले असेल ते तुझे.

आणि एक प्रश्न आपणा सर्वांना. मॅटिंग्लीची तयारी कामी आली ती त्याच्या एकट्याच्या गुणाने नव्हे. ज्या दिवशी त्याला उतरवले त्याच्या दुसऱ्या दिवशीही त्या नकली यानाचे दार त्याला उघडे होते. तू निवडलेला नाहीस, आता तुझा येथे काय संबंध, असे त्याला कोणी म्हटले नाही. आपण मात्र निकाल लागला की यादीत नसलेल्या मुलांची नावेही विसरतो. खो-खोचा सामना संपल्यावर ढाल नऊजणांच्या हाती देऊन फोटो काढतो, आणि कडेचे तिघे सतरंजी गुंडाळीत असतात.

मुलांना कामाची तयारी करायला शिकविणे हे मास्तरांचे आणि आईबापांचे काम. पण तयार झालेल्याला खुर्ची देता आली नाही तरी काम देणे, हे साऱ्या समाजाचे. पहिले आपण पुष्कळ बोलतो. दुसऱ्याविषयी अजून पुरते बोलायलाही लागलेलो नाही.