कुणाच्या नावाची सहल?

आमच्या आजोबांच्या पिढीला समुद्रप्रवासाविषयी एकच प्रश्न पडे : जावे की न जावे? सिंधुबंदीचा धाक होता. १८८८ साली मोहनदास गांधी विलायतेला निघाले तेव्हा जातीच्या पंचांनी त्यांना जातीबाहेर टाकले, ही गोष्ट आपण वर्गात सांगतो आणि मुले हसतात. आज समुद्र ओलांडण्याचे पाप उरलेले नाही. उरला आहे तो बँकेचा हप्ता. पण पाप गेले म्हणून त्यामागचा प्रश्नही गेला, असे मात्र मला वाटत नाही.

तसा बालाघाटचा आणि समुद्राचा संबंध तो काय? आमची वैनगंगा पुढे प्राणहिता होते, मग गोदावरीत मिसळून बंगालच्या उपसागराला मिळते, एवढाच. तरी उन्हाळ्यात एका स्नेह्यांनी संध्याकाळच्या फेरफटक्यात मला थेट कॅरिबियन समुद्रात नेऊन सोडले. त्यांचा मुलगा अमेरिकेत. नातवंडे दोन, एक पाच वर्षांचे, दुसरे अडीच. मायामीहून सुटणाऱ्या पर्यटन-जहाजावर आठवडाभर जायचे ठरत होते. कोणते जहाज घ्यावे आणि बंदराबंदराला उतरून काय पाहावे, यावर मुलगा-सुनेचे एकमत होईना. "गुरुजी, तुम्ही काही तरी सांगा," असे म्हणून त्यांनी मुलाने पाठवलेला सारा मजकूर माझ्यापुढे ठेवला.

तो वाचून माझे बरेच शिक्षण झाले. सहा महिन्यांखालचे बाळ बहुतेक जहाजांवर घेतच नाहीत. डायपर घातलेल्या मुलाला मोठ्या तलावात उतरू देत नाहीत. अमेरिकेच्या आरोग्यखात्याचा तसा दंडक आहे. मुलांना सांभाळणारा जो खेळघर-विभाग असतो, तिथे साधारणपणे तीन वर्षे पूर्ण झालेले आणि शी-शू सांगणारे मूलच घेतात. म्हणजे अडीच वर्षांच्या त्या धाकट्याला जहाजावरचे निम्मे वैभव लांबूनच पाहायचे. किनाऱ्यावरची सहल जहाजामार्फत घेतली आणि परतायला उशीर झाला तर जहाज थांबते. स्वस्तात पडते म्हणून बाहेरची गाडी केली तर थांबत नाही. आणि या सहलींच्या वेळा नेमक्या लहान मुलांच्या दुपारच्या झोपेवर येतात. माया लोकांची प्राचीन मंदिरे भर उन्हात पाहताना अडीच वर्षांचे मूल काय करील, हे सांगायला एम. ए.ची पदवी लागत नाही.

हे फक्त अमेरिकेतल्यांचे दुखणे आहे असेही नाही. मायामीहून बहामा बेटांच्या तीन-चार दिवसांच्या फेऱ्या करण्यासाठी १९९० साली 'नॉर्डिक एम्प्रेस' नावाचे जहाज बांधले गेले. तेच जहाज नाव आणि मालक बदलत २०२१ पासून मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागले. कॅरिबियन समुद्र जणू स्वतःच चालत आपल्या धक्क्याला आला! आता गोंदिया-बालाघाटची कुटुंबेही दिवाळीच्या सुटीत त्याची चौकशी करतात. पूर्वी कोकणच्या आगबोटीतून उतारू पडावात उतरत आणि लाटांवर हेलकावत किनारा गाठत. ती गरज होती. आता तसे उतरण्याची हौस आहे. हौस असली तरी समुद्र तोच असतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली, तेव्हा त्या बोटीवरही सहलीला निघालेली कुटुंबेच होती. मुलाच्या मापाचे लाइफ जॅकेट आहे का, हे विचारायला लाजू नये. असो.

मूळ प्रश्न वेगळाच आहे. ही सहल कोणासाठी? विचारले की उत्तर तयार असते : "मुलांसाठी हो, आमचं काय!" मानसशास्त्र सांगते की मोठेपणी माणसाला आठवणारी पहिली आठवण सर्वसाधारणपणे तीन-साडेतीन वर्षांच्या वयाची असते. म्हणजे आपल्या अडीच वर्षांच्या चिरंजीवांच्या लेखी हा समुद्र बहुधा झालाच नाही असे होणार. यावर कोणी म्हणेल, आठवत नाही म्हणून काय वाया गेले? आईचे अंगाईगीतही कोणाला आठवत नाही. खरे आहे. न आठवणाऱ्या प्रेमावरच माणूस उभा राहतो. पण हा युक्तिवाद वैनगंगेच्या घाटालाही तितकाच लागू पडतो. आई-बाप दोघेही मोकळे आहेत, कोणाला कुठे जायची घाई नाही, पाण्यात दगड टाकला की डुबुक् असा आवाज येतो, यापलीकडे त्या वयाला काही नको असते. तेव्हा घाट सोडून कॅरिबियन का, याचे उत्तर मुलाजवळ नाही. ते आई-बापांजवळ आहे.

आणि ते उत्तर मला मुळीच लाजिरवाणे वाटत नाही. वर्षभर राबलेल्या नवरा-बायकोला आठ दिवस निळे पाणी पाहावेसे वाटले, कोणी वाढलेले आयते ताट हवेसे वाटले, तर त्यात वावगे काय? आपल्याकडे स्वतःच्या सुखाला स्वतःचे नाव देण्याची सोय नाही, ही खरी अडचण. प्रत्येक सुख कोणाच्या तरी खाती मांडावे लागते. देवाच्या, म्हाताऱ्यांच्या, नाही तर मुलांच्या. मुलाच्या नावावर मांडलेला खर्च मात्र मुलाकडूनच वसूल होतो. फोटोत हसला नाही की "एवढे पैसे घालून आणलं आणि हा बघ!" पाळण्यात बसायला घाबरला की "तुझ्यासाठीच तर आलो!" मग हे वाक्य दहावीच्या निकालाला येते, लग्न ठरवताना येते. ज्या कर्जाच्या कागदावर त्याने कधी सही केली नाही, ते फेडायला मूल जन्मभर बांधले जाते. शाळेत इतकी वर्षे काढल्यावर मला पालकाच्या तोंडचे 'तुझ्यासाठी' लांबून ओळखू येते. ते ऐकताना मुलाची मान कशी खाली जाते, तेही.

म्हणून मी स्नेह्यांना दोन गोष्टी सांगितल्या. आठवड्याऐवजी चार दिवसांचे जहाज घ्यावे आणि उतरायचेच तर एकदाच, तेही वाळूत खेळण्यापुरते; बाकी बंदरांना पोर झोपेल तेव्हा झोपू द्यावे. आणि दुसरे, हे आम्ही आमच्यासाठी करतो आहोत, तू आमच्याबरोबर आहेस याचा आम्हांला आनंद आहे, असे मुलांना सांगावे. स्नेही थोडे थांबले. "पहिलं कळवतो. दुसरं कोणत्या तोंडानं सांगू? मीच त्याला पस्तीस वर्षं उलटं ऐकवत आलोय."

किनाऱ्यावर कुठे उतरायचे, ही निवड आणखी एका कारणाने साधी नाही. हैती देशाच्या उत्तर किनाऱ्यावर लाबादी नावाचा भाग एका जहाज-कंपनीने भाड्याने घेतलेला आहे. भोवती कुंपण, आत स्वच्छ वाळू. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप होऊन लाखाहून अधिक माणसे मेली, आणि तीनच दिवसांनी प्रवाशांनी भरलेले जहाज लाबादीला लागले. काहींनी जहाजातून उतरायला नकार दिला, काही उतरून पोहले. कंपनीचे म्हणणे होते की जहाजातून मदतीचे सामानही आणले आहे आणि या मुक्कामाची मिळकत मदतकार्याला देऊ. जगभर वाद झाला. न उतरणाऱ्यांनी हैतीचे काही भले केले असे मला वाटत नाही. तिथे हार-माळा विकणाऱ्याचा त्या दिवसाचा धंदा तेवढा बुडाला असता. पण उतरणाऱ्याच्या बोटाला धरलेल्या पाच वर्षांच्या मुलाने "कुंपण कशाला?" असे विचारले असेल तर त्याला काय उत्तर मिळाले असेल, हे जाणून घ्यायला मला आवडेल.

हैती दूर राहिले. आमच्या जिल्ह्यातच कान्ह्याचे मुक्की प्रवेशद्वार आहे. पहाटेच्या थंडीत पोरांना शालीत गुंडाळून उघड्या जीपमध्ये बसवणारे पाहुणे मी पुष्कळ पाहतो. वाघ दिसेपर्यंत पोर झोपी गेलेले असते. व्याघ्रप्रकल्प १९७३ मध्ये झाला, आणि गाभ्यातली बैगा-गोंडांची गावे टप्प्याटप्प्याने बाहेर हलवली गेली. त्यामुळे वाघ आणि बारशिंगा टिकले, हेही तितकेच खरे. संध्याकाळी शेकोटीभोवती पाहुण्यांसमोर बैगा नाचतात, मुले टाळ्या वाजवतात. "हे लोक कुठे राहतात?" असे एखादे मूल विचारतेच, आणि बाप "जंगलात" म्हणून मोकळा होतो. वाघ पाहायला पैसे मोजले म्हणून तो माणूस वाईट ठरत नाही. त्या 'जंगलात'ने मात्र मुलाचा प्रश्न तिथेच मिटवला.

आमच्या शाळेत दिवाळीनंतर 'मैंने छुट्टियाँ कैसे बिताईं' हा निबंध ठरलेला. वर्गात एकजण जहाजावर जाऊन आलेला, शेजारचा बापाबरोबर धानकापणीला गेलेला. तो विषयच काढून टाकावा असे मला वाटू लागले होते. आमच्या हिंदीच्या तरुण बाईंनी हरकत घेतली, "सर, मग जो गेला त्याने सांगायचं कुणाला?" शेवटी विषय थोडा फिरवला : सुटीत भेटलेला, काम करणारा एक माणूस. धानकापणीवाल्याने मळणीयंत्राच्या मिस्त्रीवर दीड पान लिहिले, आणि ते वर्गात सर्वांत चांगले होते. मुंबईहून जहाजाने जाऊन आलेल्या नववीतल्या मुलाने ना जहाज वर्णिले ना समुद्र. त्यांच्या खोलीत रोज टॉवेलाची घडी घालून त्याच्या चार वर्षांच्या बहिणीसाठी हत्ती करून ठेवणारा एक पोऱ्या होता, त्याच्यावर त्याने लिहिले. त्या पोऱ्याने सांगितले म्हणे की त्यालाही एवढीच मुलगी आहे आणि तिला पाहून सात महिने झाले. बहिणीने शेवटच्या दिवशी तो हत्ती मोडू दिला नाही. तसाच पिशवीत घालायचा हट्ट धरला आणि आईने तो कसा समजावला, यावर निबंध अर्धवट संपला होता. तास झाला म्हणून. बाईंनी त्याला दहापैकी सहा दिले होते. मी वहीत काही खोडले नाही, फक्त खाली लिहिले की उरलेले घरून लिहून आणावे.