फुंकर आणि श्वास

निवांत बसा. तळहात तोंडासमोर वीतभर अंतरावर धरा, ओठांचा चंबू करा आणि हळूच फुंकर घाला. हाताला गार झुळूक लागेल. आता हात तिथेच, ओठही तसेच ठेवा आणि तेवढ्याच वेगाने श्वास आत ओढा. हाताला काहीच जाणवत नाही.

पुन्हा करा. घाई नको.

वाटल्यास मेणबत्ती लावा. (देवापुढची समई फुंकरीने विझवत नाहीत, म्हणून मेणबत्तीच.) फुंकरीने ज्योत विझते, पण तेवढ्याच अंतरावरून कितीही श्वास ओढा, ती जेमतेम हलते. तोंड तेच, हवाही तेवढीच. मग फरक कशात? फुंकर एका वाटेने सरळ जाते. आत येणारी हवा वरून, खालून, गालांच्या बाजूने, चहूकडून थोडी थोडी गोळा होते. इथे जरा वेळ थांबा.

आता मांडीवर तापणारा लॅपटॉप आठवा. आतल्या चिपची उष्णता तांब्यात उतरते, पातळ पात्यांपर्यंत पोहोचते आणि हवेपाशी अडते. स्थिर हवेपेक्षा तांबे सुमारे 15,000 पट सहज उष्णता वाहून नेते. पात्याला बिलगलेला हवेचा मंद थर म्हणजे त्याने पांघरलेली गोधडीच. ती विस्कटायची कशी?

अटलांटातल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात बार्टन स्मिथ आणि एरी ग्लेझर यांनी जी फुंकर बारकाईने अभ्यासली आणि 1998 मध्ये मांडली, ती डोळ्यांपुढे आणा. एक इवलीशी पोकळी. तिची एक भिंत म्हणजे थरथरणारा पडदा, आणि एका बाजूला छिद्र. बाहेरून हवा आणणारी नळी नाही. पडदा पुढे येतो, हवा बाहेर पडते, छिद्राच्या काठावर गुंडाळली जाते आणि तिचे वलय होते, धुराचे वलय असते तसे. हे वलय स्वतःच्याच फिरण्याने पुढे सरकते. पडदा मागे जातो, पोकळी श्वास घेते. पण तोवर वलय दूर गेलेले असते, म्हणून आत येते ती आजूबाजूची दुसरीच हवा. पडद्याची झेप तोकडी पडली, तर मात्र वलय परत आत ओढले जाते आणि झोत तयारच होत नाही.

एका फेरीत जेवढी हवा बाहेर, तेवढीच आत. पदरची हवा शून्य, तरी समोर अखंड झोत! मला हे फार सुंदर वाटते. वलयांमागून वलये तापल्या पात्यावर आदळतात, गोधडी उसवतात, वाटेतली हवाही सोबत ओढून नेतात. पंख्यासारखे फिरते पाते नाही, झिजणारे बेअरिंग नाही.

पडदा हलवायला बहुधा पिझो चकती असते: वीज दिली की ती वाकते. स्फटिक दाबला की विद्युतभार उमटतो, हे क्युरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवले होते. इथे तेच उलट्या दिशेने घडते. सेकंदाला काहीशे वेळा थरथरणारा पडदा गुणगुणतो, आणि ती गुणगुण कमी करणे हे या कामातले खरे कष्ट आहेत.

डोळे मिटा. हात पुन्हा तोंडासमोर धरा. एक छोटी फुंकर घाला आणि थांबा. फुंकर संपली आहे, श्वास अजून सुरू झालेला नाही. आता सावकाश आत घ्या. तुमची हवा हातावरून पुढे, खोलीत गेली आहे.